उन्हाळ्यात पैदाशीच्या कोंबड्याला क जीवनसत्त्व: किती, कसं, कधीपासून

सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे ऊन तापलं की उबवणीत रिकामी, म्हणजे न फळलेली, अंडी वाढतात. बोल कोंबडीला लागतो, पण दोष बरेचदा नराचा असतो.

कोंबड्याचे वृषण पोटात, मूत्रपिंडालगत असतात. उन्हाच्या ताणात शुक्रजंतूंच्या आवरणातली चरबी खराब होते आणि ते अधू पडतात. क जीवनसत्त्व ही झीज थोपवतं, शिवाय खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामाला लावतं. एरवी कोंबडं ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करतं. कडक उन्हात मात्र ते पुरं पडत नाही. म्हणून वर्षभर देऊ नका. मार्चच्या सुरुवातीला चालू करा, पाऊस पडून हवा गार झाली की थांबवा.

मात्रा किलोभर खाद्याला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १० ग्रॅम. पाकिटावरचं प्रमाण आधी वाचा. ३५ टक्केवाली पावडर असेल तर तीच मात्रा गाठायला साधारण २९ ग्रॅम लागते. इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. १० ग्रॅम पावडर थेट पोत्यात टाकली तर एका कोंबड्याला ढीग आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी किलोभर भरड्यात चोळा, ते पाच किलोत मिसळा, मग सगळ्यात. साधी पावडर खाद्यात लवकर मरते, त्यामुळे आठवड्यापुरतंच कालवा किंवा आवरण दिलेली पावडर घ्या.

पाण्यातून द्यायचं तर १० लिटरला ४ ते ५ ग्रॅम, सकाळी ऊन चढायच्या आत, तीन-चार तासांत संपेल इतकंच. खाद्यात घातलं असेल त्या दिवशी पाण्यात नको. तांब्याचं किंवा गंजकं भांडं वापरू नका, प्लास्टिकची बादली घ्या आणि ती सावलीत ठेवा. लोह जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यातही ते टिकत नाही. पाणी पिवळसर झालं की ओतून टाका. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्यात तर घालूच नका, क्लोरीन ते लगेच संपवतं.

गुण यायला वेळ लागतो. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात, आणि कोंबडीच्या पोटात आधीचे शुक्रजंतू दोन-दोन आठवडे टिकून राहतात. महिनाभरानं ताजी पाच-सहा अंडी फोडून बलकावरचा ठिपका पाहा. कडेनं गोल कडी आणि मध्ये फिकट असेल तर अंडं फळलेलं. नुसताच लहान, घट्ट पांढरा ठिपका असेल तर रिकामं. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंड्यात लाल कडी दिसली, तर नर बरा आहे, गर्भ नंतर मेलाय. मग उबवणीचं तापमान आणि अंड्यांची साठवण तपासा.

दहा माद्यांमागे एक नर हवाच. छपरावर उसाचं पाचट आणि दुपारी गार पाणी नसेल तर ही पावडर एकटी काही करू शकत नाही.

माडग्याळ मेंढा किंवा उस्मानाबादी बोकडाला हीच पावडर तोंडातून देऊ नका. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यातच, म्हणजे रुमेनमध्ये, बहुतेक नष्ट होते. लिंबू पिळूनही तेच. इंजेक्शनचा निर्णय पशुवैद्यकाचा. त्यांच्यासाठी सावली, हिरवा चारा आणि अंडकोषावरची लोकर कातरणं जास्त कामाचं, तेही माजावर सोडण्याआधी दोन महिने, कारण मेंढ्याचे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला तेवढे दिवस घेतात.