व्हर्जिनियातली जुनी वारसाजमीन शोधताना: दप्तर उघडण्याआधीची तयारी

वसाहतकाळातल्या व्हर्जिनियात एखाद्या घराण्याची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधायला निघत असाल, तर आधी जागा पक्की करा. माणसांची नावं मागाहून. जमीन कोणत्या ओढ्यावर होती, कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या विभागात, होती, शेजारी कोण होते, हे जेवढं मिळेल तेवढं टिपून घ्या. मग त्या जागेवर कोणत्या वर्षी कोणत्या काउंटीचा अंमल होता याचा तक्ता करा. कुटुंब जागचं हललं नाही तरी काउंटी बदलत राहते. आजची लाउडन काउंटी घ्या, जिथे ॲशबर्नच्या आसपास आता बरीच मराठी बिऱ्हाडंही आहेत. तिथली जमीन १६६४ पासून स्टॅफर्डमध्ये, १७३१ पासून प्रिन्स विल्यममध्ये, १७४२ पासून फेअरफॅक्समध्ये आणि १७५७ पासून लाउडनमध्ये धरली जाई. म्हणजे आजोबांचं खरेदीखत एका काउंटीत, मुलाचं मृत्युपत्र दुसरीत आणि नातवाने केलेली विक्री तिसरीत सापडते, तिघंही एकाच घरात राहून गेलेली असली तरी. नवी काउंटी झाली म्हणून जुन्या वह्या तिच्याकडे जात नाहीत.

तक्त्यात प्रत्येक काउंटीपुढे तिचं दप्तर शिल्लक आहे की नाही, तेही लिहा. बकिंगहॅमची कचेरी १८६९ मध्ये जळाली. जेम्स सिटीचं दप्तर सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला हलवलं आणि एप्रिल १८६५ मध्ये त्या शहराला लागलेल्या आगीत ते तिथेच खाक झालं. लाउडनचं दप्तर मात्र यादवी युद्धात कारकुनाने काउंटीबाहेर नेलं आणि युद्ध संपल्यावर परत आणलं, म्हणून तिथे १७५७ पासूनच्या वह्या बघायला मिळतात. नॉर्थॅम्प्टनमध्ये तर १६३२ पासूनच्या न्यायालयीन नोंदी सलग आहेत. जळालेल्या काउंटीत काम असेल तर प्रांतपातळीवरची कागदपत्रं आधी काढा: सरकारी जमिनीच्या सनदा, म्हणजे पेटंटं; १७०४ ची शेतसाऱ्याची यादी; आणि १७८२ पासूनच्या करयाद्या. पेटंटं लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट दिसतात. पोटोमॅक आणि रॅपाहॅनक नद्यांमधला प्रदेश फेअरफॅक्स घराण्याच्या मालकीचा होता, त्याच्या सनदवह्या वेगळ्या. १७०४ च्या यादीतही तो नाही. आणखी एक: वसाहतीत आणलेल्या माणसांमागे, माणशी ५० एकर या हिशेबाने मिळालेल्या पेटंटावर ज्यांची नावं आहेत ती माणसं त्याच वर्षी बोटीतून उतरली असं धरून चालू नका. हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडूनही राहत.

आता कायदा. यावर वेळ घाला, कारण निम्मे लोक इथेच अडतात. आपल्याकडे बाप गेला की वारसनोंद लागते, फेरफार निघतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. १ जानेवारी १७८७ पूर्वीच्या व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याची जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जाई, आणि त्याचा कुठलाही दस्त होत नसे. मृत्युपत्र असलं तरी त्यात धाकट्यांची नावं आणि थोरल्याचा पत्ताच नाही, असं दिसू शकतं. त्यावरून थोरल्याला बापाने हाकललं असा तर्क बांधू नका; त्याला मिळायचं ते कायद्यानेच मिळणार होतं. म्हणून प्रत्येक पिढीसाठी वहीचं एक पान राखा. डावीकडे मिळालेले एकर, उजवीकडे विकलेले, दिलेले, मृत्युपत्राने वाटलेले. उरलेल्या एकरांवर बोट ठेवा, ते पुढे कोण विकतं ते पाहा. खरेदी देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची, दोन्ही सूची पुढच्या पन्नासेक वर्षांपर्यंत चाळा. विक्रीच्या दस्तात बहुतेकदा ‘ही जमीन माझ्या वडिलांनी अमक्याकडून घेतली’ अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि ते एक वाक्य तीन पिढ्या जोडून देतं.

नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा एक तृतीयांश हिस्सा विसरू नका. तो तिच्या हयातीपुरता असे. तिने दुसरं लग्न केलं की ती नव्या आडनावाने वह्यांत येते, म्हणून तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव सूचीत आधीच शोधून ठेवा. काही जमिनी वंशाला बांधून दिलेल्या असत, त्या सहजी विकता येत नसत. ही पद्धत १७७६ मध्ये गेली. आणि १७०५ च्या कायद्याने गुलामांनाही वारशापुरतं स्थावर मालमत्तेत घातलं होतं, ते १७९२ पर्यंत. त्यामुळे जमिनीच्या वाटणीतच माणसांची नावं येतात. ती उतरवून घ्याच. त्यांचे वंशजही याच पानांवर आपली माणसं शोधतात, आणि पुष्कळदा त्यांना दुसरा कागद नसतो.

तारखांसाठी वहीच्या पहिल्या पानावर एक खूण करा: १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७३० चा जानेवारी १७३० च्या डिसेंबरनंतर येतो. हे ध्यानात नसलं तर मेलेला माणूस मृत्युपत्र करताना सापडतो. लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन दस्त दिसले, पहिला पाच शिलिंगांचा भाडेपट्टा आणि दुसरा खऱ्या किमतीचा, तर तो एकच व्यवहार समजा. विक्रीची ती तेव्हाची रीत होती.

चतुःसीमा वाचायला आलेखाचा कागद, कोनमापक आणि हे माप जवळ असू द्या: एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. कोपरे पांढऱ्या ओकवर, हिकरीवर, ओढ्याच्या मुखावर असतात. झाडं गेली, शेजाऱ्यांची नावं राहिली. म्हणून नकाशा शेजाऱ्यांसकट काढा. पॅरिशच्या मंडळाला ठरावीक वर्षांनी हद्दी चालून बघाव्या लागत, त्या नोंदी छापील मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

नाती जपून वाचा. ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही असतो, ‘कझिन’ पुतण्या-भाचाही, आणि ‘ज्युनियर’ म्हणजे त्याच नावाचा गावातला वयाने लहान माणूस एवढंच असू शकतं. अक्षराचा सराव घरी करा; जुन्या लिखाणातला लांब एस (ſ) एफसारखा दिसतो. पेन्सिल, चार्जर, फोटो घेताना पानाआधी वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो, कचेरीच्या वेळा, हे सांगायला नकोच.

निघण्याच्या आदल्या दिवशी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या चान्सरी दाव्यांच्या, म्हणजे वाटणी-वारशासारख्या तंट्यांच्या दिवाणी खटल्यांच्या, सूचीत सगळी आडनावं टाकून पाहा, मुलींच्या सासरची धरून. भाऊबंदकी कोर्टात गेली असेल तर कोण कोणाचं मूल, कोण कधी वारलं, कोण केंटकीला निघून गेलं, हे साक्षीदारांनी शपथेवर सांगितलेलं तिथे मिळतं.