हेपेटायटिस सी: अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, पुढे काय?

अँटीबॉडी तपासणाऱ्या रॅपिड कार्डावर दुसरी रेघ उमटली म्हणजे विषाणू आज रक्तात आहेच असं नाही. लागण झालेल्यांपैकी 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून तो औषधाविना निघून जातो; अँटीबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहतात. खरा निकाल आरएनए पीसीआरचा, म्हणजे विषाणूचा जनुकीय पदार्थ (आरएनए) थेट शोधणाऱ्या चाचणीचा.

म्हणून रक्त घेतानाच दोन ट्यूब भरा: अँटीबॉडीसाठी साधी, पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची एडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली). नंतर बोलावलेला माणूस पुष्कळदा परत येत नाही. एकाच ट्यूबवर दोन्ही चाचण्या उरकण्याचा मोह टाळा. अँटीबॉडीच्या यंत्राची सुई आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात नेऊ शकते. पीसीआर इतकी संवेदनशील, की तेवढ्यानेही खोटी पॉझिटिव्ह येते.

हिरव्या टोपणाची ट्यूब नको. तिच्यातलं हेपॅरिन (हेही रक्त गोठू देत नाही) पीसीआरला अडवतं. एडीटीए ट्यूब 8-10 वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिनही आडवं येतं. शक्यतो 6 तासांत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, वेगळा काढा. उशीर झाला तर आरएनए तुटतो आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कमी दिसतो. प्लाझ्मा 2 ते 8 अंशांवर साधारण तीन दिवस टिकतो. जास्त थांबायचं तर उणे 70 अंशांवर, छोट्या कुप्यांत वाटून ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं नको. किटच्या माहितीपत्रकात मुदत वेगळी असेल तर तीच पाळा.

कार्ड फ्रिजमधलं असेल तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीला दमट हवा लागते. निकाल ठरलेल्या मिनिटांतच वाचा. उशिराने उमटलेली रेघ धरायची नाही. कंट्रोलची रेघ (कार्ड नीट चाललं हे दाखवणारी) नसेल तर कार्ड बाद.

लागण नुकतीच झाल्याचा संशय असेल तर अँटीबॉडीवर विसंबू नका: त्या दिसायला 8 ते 11 आठवडे लागतात, आरएनए 1-2 आठवड्यांत सापडतो. डायलिसिसच्या रुग्णांतही अँटीबॉडी कधी कधी बनतच नाहीत. बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी 18 महिन्यांपर्यंत असू शकतात, तिथेही पीसीआरच.

रिपोर्टमध्ये 'आढळला नाही' आणि 'आढळला, पण मिलिलिटरमागे 15 आययूपेक्षा (आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा) कमी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला निगेटिव्ह लिहू नका. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासा. अँटीबॉडी तेव्हाही पॉझिटिव्हच येणार, ती परत करण्यात पैसे घालवू नका.