पावसाआधी बाहेरचे विजेचे जोड कसे राखावेत

सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. मात्र गच्चीवरच्या मोटारीचा काय किंवा मंगळवेढ्याकडच्या शेतातील बोअरचा काय, उघड्यावरचा जोड बिघडायला सुरुवात एप्रिल-मेच्या उन्हातच झालेली असते. पारा चाळिशीपार गेला की साध्या पीव्हीसी टेपचा चिकटा सुटतो, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते आणि पुढे पाणी त्याच भेगांतून आत शिरते. म्हणून ही कामे मृगाआधी उरकावीत.

प्रथम मेन स्विच बंद करावा आणि चालू सॉकेटवर तपासून घेतलेल्या टेस्टरने वायरीत वीज नसल्याची खात्री करावी. थ्री-फेज स्टार्टरला मात्र परवानाधारक वायरमनशिवाय हात लावू नये.

तांब्याची व ॲल्युमिनियमची वायर एकत्र पिळू नये. ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते आणि सैल झालेला जोड तापतो. या दोन धातूंसाठी मिळणारा खास कनेक्टर वापरावा. जोडावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवून ती गरम हवेने आवळावी.

जोड ठेवायची पेटी किमान आयपी ६५ दर्जाची असावी, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार दोन्ही अडतात. वायर नेहमी खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायर घट्ट धरून भोवतीची फट बंद करणाऱ्या बुचातून) आत घ्यावी आणि तिला पेटीच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकून जाते. पेटी सर्व बाजूंनी सिलिकॉनने लिंपून टाकण्याची पद्धत मला चुकीची वाटते, कारण दिवसभर तापून प्रसरण पावलेली आतली हवा उरलेल्या बारीक फटींतून बाहेर पडते, संध्याकाळच्या सरीने पेटी अचानक थंड झाली की ती बाहेरची दमट हवा आत ओढते आणि तो ओलावा आतल्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने साचतो. त्याला बाहेर जायला वाट हवीच. तळाशी ४-५ मिलिमीटरचे एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी बसवावी, नाहीतर मुंग्या घर करतात. सिलिकॉन वापरायचेच असेल, तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, कारण त्यातले आम्ल तांब्याला खाते.

नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. अर्थिंगचा बोल्ट सोडवून, गंज घासून, पुन्हा घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावे.

बाहेरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवावा. वीज चालू असताना महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबावे. तरीही तो पडला नाही, तर बदलून मिळेपर्यंत ती लाइन बंदच ठेवावी.