डिप्रेशनच्या गोळ्यांची तुलना करताय? या चुका टाळा

प्रोजेक्टचे दिवस आले की बेळगाव-धारवाडची फार्मसीची पोरं "सौम्य डिप्रेशनमध्ये गोळ्या चालत नाहीत, तीव्रमध्ये चालतात" एवढं एक वाक्य घेऊन येतात. हे कुठून आणलं विचारलं की गप्प.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजणारा स्कोअर कुणी, कसा घेतला हे न बघता तो खरा धरणं. आपल्या सीमाभागात तर हे फार होतं. खानापूरकडच्या एक मावशी ओपीडीत आल्या होत्या, फॉर्म कन्नडमध्ये, त्यांचं कन्नड बाजारापुरतं, मग शेजारी बसलेला जावईच भराभर उत्तरं देतोय, "झोप? लागते की. जेवण? जेवतात." पीएचक्यू-९ चा, म्हणजे डिप्रेशन मोजायच्या त्या नऊ प्रश्नांच्या फॉर्मचा, स्कोअर आला ८, म्हणजे सौम्य, आणि प्रोजेक्टच्या पोराने तसं लिहूनही टाकलं. मी जावयाला चहाला पाठवलं आणि मराठीत परत सगळं विचारलं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथं त्या पदराचा काठ पिळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "रोजच वाटतंय बघा." स्कोअर २१. त्यांना लगेच डॉक्टरांपुढं नेलं. असे दहा पेशंट चुकीच्या रकान्यात गेले तर तुमच्या तुलनेला काय अर्थ राहिला? पेशंटला एकट्याला, त्याच्या भाषेत विचारा, आणि नवव्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज राहू दे, आधी डॉक्टर.

दुसरी चूक, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे पेपरचा सुरुवातीचा सारांश तेवढा वाचून तक्ता भरणं. ही घाई मला अजिबात पटत नाही. २००८ मध्ये कर्श आणि सहकाऱ्यांनी एफडीएकडचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाकडचा, डेटा तपासला, गोळी आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांच्यातला फरक हॅमिल्टन स्केलवर (डिप्रेशन मोजायची दुसरी मोजपट्टी) सरासरी १.८ पॉइंट निघाला, आणि तो लक्षात येण्याइतका झाला तो सुरुवातीचा स्कोअर २८ च्या वर गेल्यावर. पोरं इथंच थांबतात. पुढचं वाचा की! फरक वाढला तो गोळीचा जोर वाढला म्हणून नाही, तीव्र आजारात प्लासिबोला मिळणारा प्रतिसाद घटला म्हणून. फोर्नियरचा २०१० चा पेपर सगळे देतात, पण त्यात ६ ट्रायल, ७१८ पेशंट आणि औषधं दोनच, पॅरोक्सेटिन आणि इमिप्रामिन, त्यावरून एस्सिटालोप्रामसारख्या दुसऱ्या गोळीबद्दल कसं बोलणार? २०२२ मध्ये २३२ ट्रायल्स आणि ७३,३८८ पेशंटचा डेटा एकत्र केला तेव्हाही सरासरी फरक १.७५ च होता, पण साधारण १५ टक्के लोकांना प्लासिबोपेक्षा ठळक फायदा दिसला. सरासरी लहान म्हणून गोळी कुणालाच चालत नाही असं होत नाही.

हॅमिल्टन ५२ पैकी, पीएचक्यू-९ हे २७ पैकी, दोन्हीचे आकडे एका रकान्यात टाकू नका, ती शेर आणि किलोची बेरीज होते.

दोन आठवड्यात गोळी "फेल" लिहू नका, पुरेशा डोसवर सहा-आठ आठवडे तरी द्या.

सिप्रियानी यांची २०१८ ची, डिप्रेशनच्या २१ औषधांची तुलना करणारी यादी चांगली आहे, पण सौम्य की तीव्र या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही.

आणि असलं काही वाचून घरातल्या कुणाची चालू गोळी एकदम बंद करू नका, चक्कर, बेचैनी, झोप उडणं असला त्रास होतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, मराठीतही बोलतात.