आठवीला नव्या शाळेत जाताय? आधी जनरल रजिस्टर बघून घ्या

पालिकेच्या शाळेतून सातवी करून पेठेतल्या एखाद्या जुन्या अनुदानित शाळेत आठवीला प्रवेश मिळाला, की पहिले काही आठवडे जड जातात. वर्गातली बरीच मुलं पाचवीपासून एकत्र असतात. कोण कुठल्या बाकावर, डबा कुणाबरोबर खायचा, कुणाला काय नावाने चिडवायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. सहामाहीपर्यंत हे आपोआप निवळतं. स्नेहसंमेलनात, कबड्डीत, नाहीतर शाळेच्या ढोलपथकात एकदा नाव घातलंत, की तुम्ही कुठून आलात हे कुणी विचारत नाही. मी जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतून यायचे. माझ्या आजही जवळच्या मैत्रिणी त्याच वर्गातल्या आहेत.

दुसरा धाक असतो इतिहासाचा. पुण्यातल्या शाळेत तो येता-जाता कानावर पडतो. चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक आणि नामजोशी बरोबर होते, आगरकर पुढच्या वर्षी आले. संस्कृत कोशवाले वामन शिवराम आपटेही तिथलेच शिक्षक. त्यातूनच १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. हे ऐकताना मला वाटायचं, यात आपलं कोण आहे? मग कळलं की त्याच्या कितीतरी आधी, १८४८ ला, भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली होती, आणि १८५५ ला दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. पुण्यातल्या शिक्षणाच्या इतिहासात आपण उपरे नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. तुमच्या शाळेचा खरा इतिहास ऑफिसातल्या कपाटात असतो. जाड पुठ्ठ्याची, लांबरुंद पानांची जनरल रजिस्टरं. एका मुलाला एक आडवी ओळ: रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात आणि पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. त्या ओळीवरून तुमचा शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो, आणि त्यात लिहिलंय तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जातं. त्यानंतर आयुष्यभर प्रत्येक टेबलावर तोच कागद मागतात.

माझ्या वडिलांचं नाव दिगंबर. गावच्या शाळेत मला पहिलीला आजोबा घेऊन गेले आणि वडिलांना घरात हाक मारायचे तेच नाव सांगितलं: दिगू. माझी जन्मतारीख गुरुजींनी १ जून टाकली, तेव्हा निम्म्या गावाची तीच होती. जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’. पुण्याला आल्यावर पालिकेच्या शाळेने त्या दाखल्यावरून उतरवून घेतलं, पेठेतल्या शाळेने त्यांच्या दाखल्यावरून, बोर्डाने शाळेवरून. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, पण कुणी मला ती ओळ दाखवलीही नाही. बारावीनंतर जात पडताळणी समितीकडे प्रकरण गेलं, तेव्हा त्रुटीपत्र आलं: दिगू आणि दिगंबर एकच, याचा पुरावा द्या. मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र मिळालं नाही, राखीव जागा गेली, फी खुल्या प्रवर्गाची लागली. ती भरायला आईने धुण्याभांड्याची आणखी घरं धरली. लिहिताना अजून हात थांबतो.

म्हणून नीट ऐका. तुम्ही शाळेत शिकत असेपर्यंत नोंदीतली चूक दुरुस्त करायचा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. पालकांचा अर्ज, जन्मदाखला किंवा तसा जुना पुरावा, आणि मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. शाळा सोडल्यावर तोच रस्ता फार अरुंद होतो. माध्यमिक शाळा संहितेतला २६.४ चा नियम तेव्हा आडवा येतो आणि उघड लेखनचुकीपलीकडे सहसा काही मान्य होत नाही. ‘गॅझेट करून टाक’ असं सांगणारे खूप भेटतील. राजपत्रात नाव बदललं तर ते पुढच्यासाठी, जुनी ओळ जिथल्या तिथे राहते. ऑफिसच्या दारात ‘करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हातात तर मूळ कागद कधीच देऊ नका.

जातीच्या दाखल्यासाठी वाडवडिलांच्या नोंदीही आत्ताच शोधायला लागा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा विचारतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा शाळेतला उतारा सगळ्यात उपयोगी. गेलेच नसतील तर चुलत आजोबा बघा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं कुणीही चालतं. घाबरू नका, शोधलं की बऱ्याचदा सापडतं.

आणि मार्गदर्शक म्हणून कुणाला धराल? माझं मत विचाराल तर व्याख्यानं देणाऱ्या पाहुण्यांपेक्षा शाळेतले क्लार्क. कुठला कागद कुठे अडतो हे त्यांना पाठ असतं. माझ्या प्रकरणात शेवटी जुन्या शाळेतल्या क्लार्कबाईंनीच मूळ पानाची साक्षांकित प्रत काढून दिली, तेव्हा गाडी हलली.

नववीत गणित-विज्ञान गडगडलं तर ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बस, असा सल्ला कानावर येईल. ज्यांची शाळा सुटून गेलीय त्यांच्यासाठी तो फॉर्म मोठाच आधार आहे. चालू शाळेतल्या मुलाने मात्र नुसत्या सोयीसाठी त्या वाटेला जाऊ नये. अपेक्षित प्रश्नसंचांवर विसंबणंही तसंच. आधी पाठ्यपुस्तक पुरं करा.

दहावीचा फॉर्म भरला की शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्मातली माहिती तपासायची यादी, येते आणि तिच्यावर तुमची सही घेतात. ती घाईत, मधल्या सुट्टीत घेतली जाते. थांबा. घरून जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा, मगच सही करा. फरक दिसला तर तोंडी सांगून येऊ नका. दोन प्रतींत अर्ज लिहा, एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्या.