कृष्णाकाठी सी स्काऊट पथक चालवताय? या चुका टाळा

"सांगलीत समुद्र कुठनं आणणार, सर?" पहिल्याच पालकसभेत एका आजोबांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण सी स्काऊटिंगला, म्हणजे पाण्यावरच्या स्काऊटिंगला, खारंच पाणी लागतं असं नाही. होडी, दोर, वल्हं आणि पोहणं, एवढ्यावर काम सुरू होतं आणि ते कृष्णेत होतं. घोळ पुढे होतो. आपण पुस्तक समुद्राचं उघडतो आणि पोरं उतरवतो नदीत.

आमचे पहिले दोन महिने भरती-ओहोटी पाठ करण्यात गेले. काठावर मगर ऊन खात पडलेली असते, हे मात्र कुणी मुलांना नीट सांगितलं नव्हतं. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत त्या सकाळच्या उन्हाला वर येतात, म्हणजे नेमक्या आपल्या शिबिराच्या दिवसांत. त्या भागातला होडीवाला, मासे धरणारा आणि वन विभाग, तिघांना विचारल्याशिवाय घाट ठरवू नका. एकानं जरी "परवा दिसली होती" म्हटलं, तरी त्या दिवशीचा सराव तरणतलावात.

बंधाऱ्याचं तसंच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी देखणं दिसतं आणि मुलांना बरोबर तिथंच जायचं असतं. खाली पडलेलं पाणी गोल फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं. त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही सहजी सुटत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असाल तर प्रवाह तुम्हाला तिकडेच नेतो. म्हणून बंधारा नजरेच्या टप्प्यात असेल तिथं आम्ही होडी पाण्यात टाकतच नाही. वाळू उपशाचे खड्डे बांबूनं चाचपून घ्या, तेही दर वर्षी नव्यानं. पुरानंतर तळ बदललेला असतो.

आणखी एक खास सांगलीकरांची चूक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45 फुटांना धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळं वीस फूट पाणी म्हणजे काहीच नाही, असं वाटायला लागतं. ते आकडे पुराचे आहेत, होडी शिकण्याचे नव्हेत. कोयनेतून विसर्ग चालू असेल तर सांगलीत लख्ख ऊन असलं तरी सराव बंद. चैत्र-वैशाखात दुपारीही नको. वळीव येण्याआधीचा वारा सांगून येत नाही. 4 ऑगस्ट 1912 ला इंग्लंडमध्ये लेसडाऊनच्या किनाऱ्याजवळ अशाच अचानक आलेल्या वाऱ्यानं स्काऊटांची होडी उलटली आणि नऊ मुलं गेली.

लाइफ जॅकेटबद्दल थोडं रागानंच लिहितो. पथकाच्या पहिल्या पैशातून आधी टोप्या येतात, जॅकेटं पुढच्या वर्षावर जातात. आली तरी सगळी एकाच मापाची, म्हणजे पाचवीतल्या मुलाला त्याच्या मामाचं. माप वजनावर ठरवायचं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यातही तेच होणार. शिबिरात जॅकेटांवर बसणं बंद करा. फोम दबला की ते पाण्यावर कमी उचलतं. दरवर्षी तरणतलावात प्रत्येक जॅकेट घालून बघा. आणि होडीत जागा आहे म्हणून माणसं भरू नका. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरात जास्त माणसं भरलेली होडी उलटली, त्यात काय झालं हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

पोरांना आवडतो तो तराफा. चार प्लॅस्टिकची पिंपं, बांबू आणि दोर. आमचा पहिला तराफा काठापासून चार हातांवर सुटला. दोन दोर जोडायला मुलांनी रीफ नॉट मारली होती, मीच शिकवलेली. ती पट्टी बांधायला, बोचकं बांधायला ठीक. जोर घेणाऱ्या दोन दोरांना ती लावायची नसते, तिथं शीट बेंड ही दोर जोडायची गाठ पाहिजे. त्यात दोर गुळगुळीत नायलॉनचा, आणि गाठीबाहेर शेवट सोडलेले दोन बोटांचे. नायलॉनला शेवट वीतभर सोडा. फेकायचा दोर मात्र पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो.

कुणी पडलं तर शेजारच्यानं उडी मारायची नाही. आधी हाक, मग काठी, मग दोर, मग होडी. होड्यांच्या शर्यती बघत वाढलेल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो, पटेपर्यंत त्यांना होडीत घेऊ नका.

शेवटी एकदा खरा समुद्र दाखवायला मालवणला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारानं हिशेब सांगितला, तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी होती, तीन वाजता भरती आली, मुलं खूश. दुसऱ्या दिवशीही पूर्ण भरती तीनलाच धरून मी सव्वातीनला बूट पाण्याच्या रेषेच्या जरा वर काढून ठेवायला सांगितले. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते, हे मीच वर्गात शिकवलं होतं. चौदा जोड बूट गेले. पोरं सांगलीपर्यंत अनवाणी आली.