पिकअप शेडमधला अनोळखी माणूस: काय करावं, काय टाळावं

मृग लागला की मुंबई-गोवा हायवेवरच्या एखाद्या पिकअप शेडमध्ये, नाहीतर कोकण रेल्वेच्या स्टेशनाबाहेर आडोशाला, कोणीतरी अनोळखी बसलेलं दिसतं. केसांच्या जटा, अंगावर एकावर एक चार शर्ट, काखेत बोचकं. तीन दिवस वाडी नुसती बघते. चौथ्या दिवशी कोणीतरी तोडगा काढतो, ‘टेम्पोत घाला आणि पुढच्या तालुक्यात सोडा.’ नेमकं हेच करायचं नाही. हद्दीबाहेर सोडल्याने माणूस बरा होत नाही, त्याचा माग मात्र तुटतो. तो कुठल्या गाडीने आला, कोणाशी काय बोलला, हे ठाऊक असलेली माणसं मागेच राहतात.

आधी तो कोण ते ओळखा. फिरतोय म्हणजे हरवलाय असं नाही. वासुदेव, नंदीबैलवाले, डवरी गोसावी यांना विचारलंत तर आपलं गाव, मागचा मुक्काम, पुढचा मुक्काम सरळ सांगतात. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत उघड्यावर निजली म्हणून ती बेवारस ठरत नाहीत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कागदावरून तो १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या नजरेतून गेलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, आणि त्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्यामुळे अनोळखी माणसाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तो पोलीस पाटलांना आणि ठाण्यात द्यायचा, बस्स.

हरवलेला माणूस बहुधा वेगळा दिसतो. मुक्काम सांगता येत नाही, ऊनपावसाचं भान नसतं, जखम चिघळली तरी लक्ष नसतं. पण भ्रमिष्टासारखं वागणं म्हणजे मनोरुग्णच, असं धरून चालू नका. साखर उतरली, डोक्याला मार बसला, फेफरं येऊन गेलं, रोजची दारू दोन-तीन दिवस तुटली, किंवा पावसाळ्यात लेप्टोचा ताप चढला, तरी माणूस असंबद्ध बोलतो. म्हाताऱ्या माणसाला विसराळूपणाचा आजार असेल तर घर शेजारच्या वाडीतही निघू शकतं. ताप, झटके, गुंगी किंवा डोळे पिवळे दिसले तर आधी १०८ ला फोन. बाकीचं नंतर.

जवळ दोघांनीच जायचं. बाई असेल तर आपल्यातली एक बाई हवीच. मागून जाऊ नका, समोरून दिसेल असं जा, दोन हात अंतर ठेवून त्याच्याएवढं खाली बसा. हातात दगड किंवा काठी असेल तर थांबा, तासाभराने पुन्हा जा. बोचक्याला हात लावायचा नाही. आपल्याला त्यात चिंध्या दिसतात, पण त्याचं सगळं घर तेवढंच असतं. ते ओढलं की पुढचे चार दिवस तो कोणाला जवळ येऊ देत नाही.

खायला उकड्या तांदळाची ऊन पेज द्या, मिठाचा खडा घालून. पहिल्यांदा एकच वाटी, मग दोन-तीन तासांनी दुसरी. बरेच दिवस उपाशी असलेल्याला दयेपोटी सहा वडापाव दिले की उलटी होते. शिवाय एकदम भरपूर खाल्ल्याने रक्तातले क्षार बिघडून हृदयावर ताण येऊ शकतो. कपडे देताना नाडीचा लेंगा नको, इलॅस्टिकची पँट किंवा लुंगी द्या. नाडी सुटत नाही म्हणून कपडे खराब होतात. केस कापायचे ते तो हो म्हणाला तरच, आणि कात्रीने. चार जणांनी धरून वस्तरा चालवला की भरवसा संपला. जखमेवर स्वच्छ पाण्याची धार सोडा, हातमोजे घालून कोरडं फडकं बांधा. जखमेत किडे असतील तर फिनेल किंवा रॉकेल ओतू नका. किडे मरतात, पण मांसही जळतं. ते काम ग्रामीण रुग्णालयातलं.

आता गाव शोधण्याचं काम. यात सगळ्यात जास्त कस लागतो, आणि ते जमण्यासारखंही आहे. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आधी भाषा काढा. नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते, हिंदी आणि इंग्रजी पुढच्या बाजूला. पट्टीचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवा. वाचता येणारा आपल्या लिपीवर बोट ठेवतो. वाचता येत नसेल तर आईला काय म्हणता, भात, पाणी कशाला काय म्हणता, एक ते दहा मोजून दाखवा, असं विचारा आणि त्याच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड करा. हायवेवरच्या ढाब्यांत, चिऱ्याच्या खाणीत, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर परप्रांतीय कामगार असतात. त्यांतल्या कोणाला तरी ती बोली कळते.

मग पत्ता न विचारता खुणा विचारा. शेतात काय पिकतं? आठवड्याचा बाजार कुठे भरतो? मोठी जत्रा कसली? गाडी कुठल्या स्टेशनात धरली? उत्तरेकडची माणसं पत्ता सांगताना पोस्ट, थाना, जिला असं सांगतात. थान्याचं नाव मिळालं की निम्मं काम झालं, कारण त्या ठाण्यात थेट फोन करता येतो. अंगावरच्या खुणाही बघा: हातावर गोंदलेलं नाव आणि त्याची लिपी, कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल (त्यावर बऱ्याचदा गाव असतं), शंखाच्या पांढऱ्या आणि लाल बांगड्यांची बंगाली जोडी. हे सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहा.

पोलिसांकडे जाताना कायदा ठाऊक असलेला बरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० सांगतं की भटकणारी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दिसलं, तर पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हे ठाण्याचं काम. अर्जात ‘भिकारी’ हा शब्द लिहू नका. राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्या शब्दाने प्रकरण उपचाराऐवजी अटकेच्या वाटेला लागतं. ‘आजारी, निराधार अवस्थेत सापडलेली व्यक्ती’ असं लिहा आणि पोच घ्या.

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात परस्पर गाडी नेऊ नका. पोलिसांचं पत्र आणि सरकारी डॉक्टरांची तपासणी हातात नसेल तर खेप फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम करतं, त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा ठिकाणीही आधी फोन, मग प्रवास. दरम्यान सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

घर सापडलं तरी लगेच कळवायची घाई नको. शुद्धीवर आलेल्या बाईला एकांतात विचारा, परत जायचंय का? घरच्या मारापायी निघाली असेल तर आपण तिला पुन्हा तिथेच पोचवू. अशा वेळी महिला हेल्पलाईन १८१. जायचं असेल तर एकट्याने गाडीत बसवून देऊ नका, सोबत माणूस पाठवा. महिन्याची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि त्यांच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा पत्ता घरच्यांच्या हाती द्या. गोळ्या बंद झाल्या की माणूस पुन्हा निघतो. औषध संपायच्या आठ दिवस आधी एक फोन करा.